तसबीर आणि मागणे

१२ एप्रिल १९९० रोजी दिल्लीच्या संसद भवनातील मध्यवर्ती सभागृहात परमपूज्य बाबासाहेबांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. घटना समिती जेथे बसली, तेथे घटनेच्या शिल्पकाराचे चित्र लागायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षे जावी लागली! आपण मात्र सरकारची वाट पाहिली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, घराघरांतले देव नदीत गेले आणि रिकाम्या भिंतींवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली.

येथेच काही लोक आपल्याला टोमणा मारतात : "तुम्ही देव सोडले नाहीत, फक्त बदललेत." हा टोमणा रागाने उडवून लावू नका, त्याचा विचार करा.

हार, मेणबत्ती, अगरबत्ती यांत वावगे काही नाही. आपल्या वंदनेतही पुष्पपूजा आहे. पण तिचा अर्थ काय? हे फूल कोमेजेल, तसाच माझा देहही. म्हणजे फूल वाहायचे ते अनित्यतेची आठवण म्हणून. त्या बदल्यात काही मिळावे म्हणून ते वाहायचे नसते. वक्कली नावाचा भिक्खू आजारी होता, तथागतांच्या दर्शनासाठी तळमळत होता. तथागत त्याच्याकडे गेले. पण देहाच्या दर्शनात काय आहे, धम्म पाहा, असेच त्यांनी त्याला समजावले. सांचीच्या स्तूपावरील प्राचीन शिल्पांत तर बुद्धाची मूर्तीच नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावले आणि रिकामे आसन एवढेच आहे.

स्वतः बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीला विभूतिपूजेवर कोरडे ओढले. थोरांविषयी आदर असणे वेगळे आणि बुद्धी गहाण टाकून त्यांच्यामागे जाणे वेगळे, हा भेद त्यांनी तेव्हाच करून ठेवला आहे.

तेव्हा कसोटी सोपी आहे : तसबिरीपुढे उभे राहून आपण काही मागतो का? कृतज्ञतेने हात जोडणारी म्हातारी मूर्तिपूजक नाही. तिचा माणूसपणा ज्याने परत मिळवून दिला, त्याला ती वंदन करते. परंतु परीक्षेच्या सकाळी "बाबा, मला पास करा" म्हणणारे पोर आम्हा शिक्षकांना दरवर्षी भेटते. त्या क्षणी बाबासाहेब देव होतात आणि बावीस प्रतिज्ञा भिंतीवरच राहतात.

त्या पोराला रागावू नका. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरची माणसे झोपलेली असताना भीमराव पहाटे उठून कसे अभ्यासाला बसत, ते त्याला सांगा. आणि पुस्तक देऊन त्याच तसबिरीखाली बसवा.