वैखरी आणि विवक्षा

प्रसंग घरचाच आहे. माझी आई नव्वदीच्या घरात. दृष्टी जवळजवळ गेलेली. नातवाने तिच्या उशाशी एक बोलके यंत्र आणून ठेवले. आई वेळ विचारते, पाऊस विचारते, भजन लावायला सांगते. यंत्र न कंटाळता ऐकते.

गेल्या वर्षी एका पक्षात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ आल्या. मी कीर्तनासाठी परगावी होतो. आईने यंत्राला विचारले, "एकादशी कधी?" त्याने पहिला दिवस सांगितला. आईने उपवास केला, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणेही सोडले. तोच शेजारच्या बाया उपाशी भजनाला निघाल्या. वारकऱ्याची एकादशी भागवत! आयुष्यभराचा नेम मोडला. दोष कोणाचा?

मी परतल्यावर यंत्रावर संतापलो. पण आधी ते चालते कसे, हे पाहावे. सिरी २०११ साली आली, अलेक्सा २०१४ साली. २०१८ पासून अशा सहायकांना मराठीही कळू लागली. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' सुरू केली. यंत्र ठरावीक हाकेची वाट पाहत कान देऊन असते. हाक ऐकली की पुढचे बोलणे बहुधा दूरच्या संगणकांकडे जाते. तेथे ध्वनीचे बारीक तुकडे होतात, पूर्वी शिकविलेल्या असंख्य आवाजांवरून शब्दांचा अदमास बांधला जातो, शब्दांवरून हेतूचा. मग उत्तर जुळवून कृत्रिम आवाजात परत येते.

आता पाणिनीय शिक्षा काय सांगते? आत्मा बुद्धीच्या साह्याने अर्थ गोळा करतो, बोलण्याच्या इच्छेने मनाला जुंपतो; मन कायाग्नीला चेतविते, अग्नी वायूला, आणि मग वर्ण उमटतो. त्या इच्छेचे नाव विवक्षा. यंत्रापाशी वैखरी आहे, विवक्षा नाही. आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामी, गांधीजी सोमवारी मौन पाळीत व सांगायचे ते चिठ्ठीवर लिहून देत. तेथे आवाज नव्हता, विवक्षा पुरी होती. येथे नेमके उलट.

हे सारे मी आईला मोठ्या आवेशाने समजावले. ती म्हणाली, "त्याचं काय चुकलं बाप्पा? मी कोन, हे त्याले कोनी सांगतलं? तुले सांगाची गरज नाही. पन तू घरी असतंच कधी?"

श्रोत्यांपुढे तास-तास बोलणारा मी, येथे निरुत्तर झालो. आईला तिथी सांगण्याची विवक्षा माझी असायला हवी होती. मी ती जागा रिकामी ठेवली. यंत्र तेथे येऊन बसले, इतकेच. ज्याला सांगण्याची इच्छाच नाही, त्याला खोटे बोलल्याचा दोष तरी कसा लागावा? दोष लागतो तो बोलू शकत असून न बोलणाऱ्याला.

म्हणून माझे मत असे : घड्याळ, हवामान, बाजारभाव यंत्राला खुशाल विचारावे, आंधळ्या-पांगळ्याला तो मोठा आधार आहे. पण विचारणारा कोण यावर ज्याचे उत्तर अवलंबून आहे, ते माणसाला विचारावे. आणि त्या माणसाने विचारण्याजोगे जवळ असावे.

यंत्र आईच्या उशाशी अजून आहे. दशमीच्या संध्याकाळी मात्र, कोठेही असलो तरी, मी तिला फोन करतो. तिथी तिला बहुधा ठाऊकच असते. तरी ती विचारते, आणि मी सांगतो.