शेतकऱ्याची अमेरिका, गुलामाची अमेरिका

१७७६ च्या जुलैमध्ये तेरा वसाहतींनी ब्रिटनच्या राजाशी नाते तोडले आणि सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे जाहीर केले. या घोषणेतून उभ्या राहिलेल्या अमेरिकेकडे कोणी कसे पाहिले, हे त्याच्या वाट्याला काय आले यावरून बरेचसे ठरत गेले.

थॉमस पेन इंग्लंडमध्ये अबकारी खात्यातून बडतर्फ झालेला. तिथे गमावण्यासारखे त्याच्याजवळ काही उरले नव्हते. १७७४ च्या अखेरीस तो फिलाडेल्फियात उतरला आणि जानेवारी १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ लिहून राजेशाहीच मोडीत काढा, असे त्याने वसाहतींना सांगितले.

क्रेव्हकर हा नॉर्मंडीतला फ्रेंच. त्याने १७६९ मध्ये न्यूयॉर्क वसाहतीत जमीन घेऊन घर बांधले. युरोपातली सरदारांच्या जमिनीवर राबणारी कुळे त्याला ठाऊक होती. इथे बांधापलीकडे शेजारी होता, धनी नव्हता. जुने भेद टाकून देणारा नवा माणूस म्हणजे अमेरिकन, ही कल्पना १७८२ मध्ये निघालेल्या त्याच्या पत्ररूप पुस्तकातून युरोपभर गेली. ती खोटी नव्हती. स्वतःची जमीन हाती आलेल्या माणसाला दिसलेले ते सत्य होते. पण त्याच पुस्तकातले शेवटचे पत्र युद्धाने भेदरलेल्या घरधन्याचे आहे. ब्रिटिशांनी १७७९ मध्ये त्याला हेर समजून कैदेत टाकले. १७८३ मध्ये तो फ्रान्सचा कॉन्सल होऊन परतला, तेव्हा घर जळून गेले होते, बायको वारली होती आणि मुले परक्यांच्या आश्रयाला होती.

आफ्रिकेतून आणलेल्या फिलिस व्हीटलीला १७७३ मध्ये गुलामीतून मुक्ती मिळाली. बॉस्टनमध्ये तिच्या भोवतीची माणसे क्रांतीच्या बाजूची होती. १७७५ मध्ये तिने जनरल वॉशिंग्टनना गौरवपर कविता पाठवली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन यांचा गुलाम हॅरी त्यांच्या मळ्यावरून पळाला आणि ब्रिटिशांना मिळाला. बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने आले तर त्यांना मुक्त करू, असा व्हर्जिनियाच्या गव्हर्नरचा जाहीरनामा होता. हॅरीच्या लेखी स्वातंत्र्य राजाच्या छावणीत होते. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टन यांनी ब्रिटिश सेनापती कार्लटन यांची भेट घेऊन पळालेले गुलाम परत मागितले. दिलेला शब्द मोडायला कार्लटन तयार झाले नाहीत. न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नावे एका वहीत उतरवली गेली. त्यात त्रेचाळीस वर्षांचा हॅरीही आहे. तो नोव्हा स्कोशियाला आणि तिथून सिएरा लिओनला गेला. क्रांतीचा कोणताही इतिहास ही वही बाजूला ठेवून पुरा होऊ शकत नाही.

अमेरिकेतल्या मूळनिवासी इरोक्वा जमातींना तर दोन्हीकडून फटका बसला. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची सुमारे चाळीस गावे, उभा मका आणि फळबागा जाळल्या. पुढे १७८३ च्या पॅरिस तहात त्यांचा साधा उल्लेखही झाला नाही. ज्या ब्रिटिशांसाठी त्यांच्यातले बहुतेक लढले, त्यांनीच त्यांची भूमी नव्या राष्ट्राच्या हद्दीत देऊन टाकली.

पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ पुढे पुण्यात जोतीराव फुले यांनी वाचले. त्यांनी अमेरिका पाहिली ती शूद्रातिशूद्रांच्या जागेवरून. म्हणून त्यांना तिच्यात सर्वांत मोलाचे वाटले ते १७७६ चे बंड नव्हे, तर १८६५ मध्ये कायद्याने आलेला गुलामगिरीचा शेवट. १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत नोंदवली.