बंधुत्व आणि शेजारधर्म

एखादा वजनदार शेजारी निवर्तला म्हणजे लोक प्रथम त्याचे कूळ, त्याचे शिक्षण व त्याचे लागेबांधे सांगू लागतात. परंतु मनुष्याचे स्मरण खरोखर कशाने टिकते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेतील पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांत घेतलेला विद्यार्थी जन्मभर इतर सभासदांचा बंधु गणला जातो, आणि सभासदाच्या मुलास तेथे प्रवेश मिळणे पुष्कळदा सोपे जाते. संयुक्त संस्थानांचे माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश हे ३० नोव्हेंबर २०१८ रोजी मरण पावले. त्यांच्याच घराण्याचे उदाहरण घ्या. येल विद्यापीठात १८३२ साली 'स्कल अँड बोन्स' नावाचे गुप्त मंडळ निघाले. ते दरसाल केवळ १५ विद्यार्थी निवडते. बुश, त्यांचे वडील प्रेस्कॉट व त्यांचे पुत्र जॉर्ज, अशा तीन पिढ्या त्या मंडळात होत्या.

अशा नात्यात काही दोष आहे काय? तरुणपणची मैत्री आयुष्यभर जपणे हा तर गुणच होय. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' हे मंडळ स्थापिले, ते एकाकी पडलेल्यांस परस्परांचा आधार व्हावा म्हणूनच. तथापि जे दार काहींस आत घेते, तेच पुष्कळांस बाहेर ठेविते, हे विसरता कामा नये.

आता दुसरी गोष्ट पाहा. मेन संस्थानातील केनेबंकपोर्ट गावी बुश उन्हाळ्यात राहत असत. २०१३ साली त्यांच्या एका रक्षकाच्या दोन वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचारांनी त्या बाळाचे केस गळाले, तेव्हा त्याच्या बापाच्या सोबत्यांनी आपली डोकी मुंडविली. हे पाहून ८९ वर्षांच्या बुश ह्यांनीही आपले डोके मुंडवून घेतले. त्यांची स्वतःची कन्या रॉबिन ह्याच रोगाने १९५३ साली, वयाची चार वर्षे पुरी होण्यापूर्वीच, वारली होती.

मंडळात त्यांस बरोबरीच्यांनी निवडिले. ह्या बाळास त्यांनी आपण होऊन जवळ केले. कुळामुळे मिळालेले बंधुत्व ही ठेव आहे, कमाई नव्हे. ज्याच्यापासून परत काही मिळावयाचे नाही, त्याच्या दुःखात मनुष्य किती जवळ गेला, ह्यावरूनच त्या ठेवीचा हिशेब होतो. शेजाऱ्याचे स्मरण करिताना आम्ही हेच प्रथम सांगावे. बाकीचे लागेबांधे मागून सांगितले तरी चालतील.