पुढला प्रश्न : ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या अध्यापनासंबंधी काही विचार

माध्यमिक शाळेतील इतिहासाच्या तासाला युरोपातील धर्मसुधारणेचे प्रकरण बहुधा घाईने उरकले जाते. पोपने पापमुक्तिपत्रे विकली, मार्टिन ल्यूथरने चर्चच्या दारावर पंच्याण्णव प्रमेये ठोकली, प्रॉटेस्टंट पंथ निघाला आणि युरोप जागा झाला, एवढी चार वाक्ये वहीत उतरली म्हणजे शिक्षकाने सुटकेचा निःश्वास टाकावा आणि विद्यार्थ्याने ती परीक्षेपुरती मुखोद्गत करावी, असा शिरस्ताच पडून गेला आहे. सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याच्या पंचक्रोशीत वाढणाऱ्या, शेताभाताच्या आणि मोंढ्याच्या भावाच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला विटेनबर्ग आणि जिनीव्हा ही नावे परकी वाटावीत यात नवल नाही. परंतु त्या नावांमागील कलहही त्याला परका वाटावा, हा दोष मात्र अध्यापनाचा मानावा लागेल. ज्या वादाने युरोपची धर्मसत्ता दुभंगली, त्याची एक शाखा याच फाट्यावरून मंठ्याकडे गेल्यावर पुढे लागणाऱ्या जालन्याच्या परिसरात येऊन पोचली होती, ही गोष्ट त्याला कोणी सांगतच नाही.

प्रथम त्या चार वाक्यांचीच झडती घेऊ. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपली प्रमेये माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याच्याकडे पत्रासोबत धाडली, याला पुरावा आहे. दारावर खिळे ठोकल्याची हकीकत मात्र ल्यूथरच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी मेलांख्थॉन याच्या लेखणीतून प्रथम छापून पुढे येते. प्रमेये लॅटिनमध्ये होती आणि त्यांचा हेतू नवा पंथ काढण्याचा नव्हता. विद्वानांनी वाद करावा एवढीच त्यांची मागणी होती. आल्ब्रेख्टने उच्च धर्मपदे मिळविण्यासाठी फुगर या सावकारी घराण्याकडून कर्ज काढले होते, आणि पापमुक्तिपत्रांच्या विक्रीतील वाटा त्या कर्जाच्या फेडीकडे व उरलेला रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामाकडे जात होता. हा जमाखर्च फळ्यावर मांडला म्हणजे सावकार, हप्ता आणि वसुली या शब्दांचा अर्थ स्वतःच्या घरी शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्याला ल्यूथरच्या संतापाचे कारण निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पण येथेच थांबल्यास इतिहासाची पोवाडेबाजी होते. सुधारकाने प्रस्थापिताला कोणता प्रश्न विचारला, हे शिकविणे सोपे. त्या सुधारकाला पुढे कोणी कोणता प्रश्न विचारला आणि त्याने त्याचे काय केले, हे शिकविणे कठीण, आणि सुधारणेच्या इतिहासाचे मर्म आमच्या मते या दुसऱ्या भागातच आहे. १५२५ साली मेमिंगेन येथे जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमांचा अर्ज केला; आपला धर्मगुरू निवडण्याचा हक्क आणि वेठीपासून सुटका त्यांनी शास्त्राच्याच आधारे मागितली. ल्यूथरने आरंभी सरदारांचेही दोष दाखविले. परंतु बंड पेटताच त्याने बंडखोरांना निर्दयपणे ठेचण्याचा सल्ला राज्यकर्त्यांना दिला. त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला १५५३ साली जिनीव्हात जिवंत जाळण्यात आले, आणि त्याच्यावरील अभियोगामागे तेथील सुधारक जॉन कॅल्व्हिन उभा होता. हे सांगितल्याने ल्यूथरने बायबल जर्मन भाषेत आणल्याचे मोल कमी होत नाही; धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार एकदा सर्वांना दिला की त्यातून निघणाऱ्या अर्थांवर आपली मालकी राहत नाही, हे मात्र मुलांच्या ध्यानी येते.

आता आपल्या मुलखाकडे वळू; पण तिकडची वाट स्कॉटलंडवरून जाते. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे टॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून अधिक पाळक स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडले. गावच्या मंडळीचा विरोध असतानाही जमीनदाराने आपल्या पसंतीचा पाळक नेमावा, आणि त्या नेमणुकीस न्यायालयांनी पाठबळ द्यावे, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. तिच्यापायी त्यांनी पगार व राहती घरे यांवर पाणी सोडले. वतन, सनद आणि वंशपरंपरेचा हक्क यांच्या गोष्टी ज्याच्या आजोबांनी सांगितल्या असतील, अशा मराठवाड्यातील मुलाला हा तंटा ताबडतोब उमजेल. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी, डॉ. जॉन विल्सन यांच्यासह, या नव्या स्वतंत्र चर्चला जाऊन मिळाले. आणि त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला.

नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळी सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनरींच्या घरी जाऊन राहिला, तेव्हा पित्याने मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात फिर्याद केली आणि न्यायालयाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. तंटा तेवढ्यावर मिटला नाही. श्रीपताने मिशनरींकडे अन्न घेतलेले असल्यामुळे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईचा हिंदू समाज दुभंगला, आणि परत घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. सातवी-आठवीतल्या मुलांपुढे त्यांच्याच वयाच्या मुलाचे हे प्रकरण ठेवून पाहावे. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी घरदार सोडणाऱ्यांच्या पंथाने बारा वर्षांच्या मुलाचा विवेक स्वतंत्र मानावा काय. पित्याचा हक्क कोठवर चालतो. आणि ज्या समाजाला मुलगा परत हवा होता, त्याने परत आलेल्या मुलाला दारातच का अडवावे? या तिन्ही प्रश्नांना पुस्तकात छापील उत्तर नाही, म्हणूनच ते वर्गात विचारण्याजोगे आहेत.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले, आणि सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबांना गावकुसाबाहेरच्या जिण्यातून काढून स्वतःची घरे, शाळा आणि प्रार्थनामंदिर देणारी ही खटपट मोठी होती, यात शंका नाही. तथापि आमचा पुढला प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे : जमीनदाराचा हात चर्चमधून झटकून टाकणाऱ्या परंपरेतील पाळक सरकारी देणगीच्या बळावर वसाहतीचा कारभार पाहू लागला, तेव्हा त्या वसाहतीतील माणूस कोणाच्या मर्जीत राहत होता? ल्यूथरला शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे मराठवाडी रूप आहे.

हाच प्रश्न अधिक तेजस्वी वाणीने विचारणारी दोन मराठी माणसे विद्यार्थ्यांना अवश्य भेटवावीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला खरा. पण त्यांना आसरा देणाऱ्या भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतल्या, आणि ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून सुटून इंग्रज पुरोहितांच्या जोखडात मान देण्यास साफ नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सल्ला देणारे बिशपही त्यांना भेटले. केडगावच्या मुक्तिसदनात राहून हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबल मराठीत उतरविण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९२२ साली, हातावेगळे केले. तिकडे १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी सुमारे दोन दशकांनंतर मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन करून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. परधर्मातून आलेल्या या दोघांनी स्वीकारलेल्या धर्मालाच सुधारणेचा पाठ दिला.

एकच बाजू शिकवली जाऊ नये म्हणून गोव्याकडेही पाहिले पाहिजे. १५७९ साली तेथे आलेले फादर टॉमस स्टीफन्स हे जेजुइट, म्हणजे कॅथलिक पंथाच्या अंतर्गत सुधारणेतून १५४० साली मान्यता पावलेल्या संघाचे साधू. त्यांच्या स्वदेशी, इंग्लंडात, प्रॉटेस्टंट राज्यसत्तेने कॅथलिक उपासनेस मनाई केली होती. मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचून त्यांनी १६१६ साली ते रायतूर येथे छापविले. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनची कचेरी कार्यरत होती. एकाच पंथाने एकाच भूमीत मराठीचा गौरव करावा आणि विवेकावर पहाराही बसवावा, हा विरोध मुलांच्या दृष्टीआड करणे म्हणजे त्यांना अडाणी ठेवणे होय.

येथे मराठी शिक्षकाला एक सोपी वाट खुणावते, आणि ती न्यायमूर्ती रानड्यांनीच दाखविलेली आहे. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातील संतांची चळवळ युरोपीय धर्मसुधारणेच्या पंक्तीस बसविली. लोकभाषेचा स्वीकार, पुरोहिताच्या मध्यस्थीस गौणत्व, गृहस्थाश्रमाची प्रतिष्ठा, ही साम्ये खरीच आहेत, आणि गंगाखेडच्या जनाबाईंच्या जिल्ह्यातील मुलाला ती जवळचीही वाटतील. पण भेदही तितकेच बोलके आहेत. ल्यूथरच्या अनुयायांनी यात्रा मोडीत काढल्या, तर वारकऱ्यांनी यात्रेलाच उपासनेचा कणा केले; युरोपातील सुधारकांसमोर करवसुली करणारी, न्यायनिवाडा करणारी एकछत्री धर्मसंस्था होती, तशी आपल्याकडे नव्हती; म्हणून तेथे कलह राजेरजवाड्यांच्या युद्धांपर्यंत गेला आणि १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापर्यंत पेटत राहिला. आपल्याकडे तो उंबरठ्यावर थबकला. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी राहिली, आणि त्यांच्या जातभाईंना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. पुढल्या प्रश्नाला आपण किती शतके ताटकळत ठेवले, याचा हिशेब संतांच्या गौरवपर निबंधात क्वचितच सापडतो.

परक्या धर्माचे हे पाठ शाळेत कशाला, अशी शंका काही पालक घेतील. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेशास मनाई केली आहे, आणि अनुदानित शाळेतही अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही. श्रीपत शेषाद्रीच्या खटल्यातील पेच शतकानंतर असा कलमबद्ध झाला. परंतु उपदेश आणि इतिहास यांत भेद आहे. उपदेश विद्यार्थ्याकडून संमतीची अपेक्षा करतो, तर इतिहासाच्या तासाला त्याच्याकडून केवळ पुरावा आणि विवेक मागितला जातो.

म्हणून परीक्षेत ‘ल्यूथरच्या कार्याचे महत्त्व सांगा’ असे विचारण्याऐवजी, मेमिंगेनचा शेतकरी, वाँटेजच्या रमाबाई आणि बेथेलमधील एखादा कुणबीक करणारा ख्रिस्ती या तिघांच्या वतीने आपापल्या सुधारकाला एकेक प्रश्न लिहावयास सांगावे, आणि तो सुधारक काय उत्तर देईल तेही त्याच प्रामाणिकपणे लिहावयास लावावे. गुण प्रश्नाच्या धारेला आणि उत्तराच्या न्यायबुद्धीला सारखेच असावेत. असे लिहायला शिकलेला मुलगा उद्या आपल्या जातीच्या, पंथाच्या किंवा पक्षाच्या सुधारकालाही असाच प्रश्न विचारील, आणि त्याचा पहिला प्रश्न कदाचित वर्गातल्या शिक्षकालाच असेल. तो ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर धर्मसुधारणेचे प्रकरण त्या शिक्षकाने शिकविले, असे म्हणता येणार नाही.