पाच बोटांचं अंतर

सोलापूरचं विमानाशी नातं अगदी अलीकडचं. ९ जून २०२५ ला होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठणारे आम्ही. आता घराघरांत तासांचे हिशेब सुरू झालेत. त्याच नादात परवा भाचीचा पृथ्वीगोल पुढ्यात घेतला, सोलापुरी चादरीच्या दशांतला एक धागा ओढून काढला आणि सोलापूर ते चीनमधलं येनान असा ताणून धरला. जेमतेम पाच बोटं भरला. म्हणजे सुमारे ३,९०० किलोमीटर. विमान सरळ गेलं तर पाच तास.

सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना मुंबईहून तिथं पोचायला साडेपाच महिने लागले.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. त्यात नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर होते आणि अजून अठ्ठावीसही न भरलेले आमचे कोटणीस. तोच धागा मी त्यांच्या वाटेनं फिरवून पाहिला. श्रीलंकेला वळसा, सिंगापूर, हाँगकाँग, मग कँटन, हँको, यांगत्से नदीच्या कडेनं चुंगकिंग आणि तिथून उत्तरेला येनान. चांगली वीतभर लांबी झाली. गोलावर दिसलं नाही ते हे, की पथक पुढे सरकत होतं आणि मागची शहरं जपान्यांच्या हाती पडत होती. ऑक्टोबरात कँटन गेलं, त्याच महिन्यात हँको. चुंगकिंगला असताना घरची बातमी आली : वडील गेले.

मी या ठिकाणी धागा धरून बराच वेळ बसले. पाच तासांच्या प्रवासाला माणूस एकदाच निघतो. दार बंद झालं की मन बदलायला जागाच उरत नाही. इथं मात्र प्रत्येक मुक्कामाला नव्यानं निघायचं होतं. मुंबईच्या धक्क्यावरून निघणं मला समजतं. तेव्हा वय असतं, उमेद असते, निरोप द्यायला माणसं असतात. चुंगकिंगहून निघणं समजायला जड जातं. परक्या गावात, वडिलांच्या सुतकात, पुढची वाट धरायची. परत फिरले असते तर सोलापुरात कुणी नावं ठेवली नसती. ते पुढे गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं.

बाकीचे चौघे पुढे एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस आघाडीवरच्या जखमींसाठी आणखी आत, उत्तर चीनच्या डोंगरांत गेले. तिथं परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं, तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. समाधी शिच्याच्वांगला आहे.

पुढे क्वो छिंगलान सासरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या. एकदा नाही, अनेकदा.