दोष झाकणाचा की संगतीचा?

अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. तिथल्या जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेलं ‘अज्ञान’ हे इंग्रजी पुस्तक १९३३ मध्ये निघालं. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. तरी या गावात राहून आत्म्यावरच्या अज्ञानाच्या आवरणाच्या चर्चेतून सुटका नाही.

शेजारचे अप्पा सखाराम महाराजांच्या वाडीतून प्रवचन ऐकून आले की सांगतात, “सर, झाकण निघालं की आत्मा दिसतो.” मला कार्बनच्या नळ्या आठवतात.

एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा गोल वळला की नॅनोनळी होते. व्यास साधारण मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्रा कसा वळला त्यावर नळी धातूसारखी की अर्धवाहक, हे ठरतं. अर्धवाहक नळीवर प्रकाश टाकला तर ती अवरक्त प्रकाश देते. पण नळ्या सुताच्या लडीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि शेजारची धातूसारखी नळी अर्धवाहक नळीची ऊर्जा गिळते. २००२ मध्ये राइस विद्यापीठात साबणासारख्या द्रव्याचं वेष्टण देऊन नळ्या सुट्या केल्या, तेव्हा त्या उजळल्या. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पॉलिफ्लुओरीन हा पॉलिमर वापरला. त्याची साखळी निवडक अर्धवाहक नळ्यांनाच वेढे घालते. धातूसारख्या मागे राहतात.

“झाकल्यावर उजळली?” अप्पा हसले. “मंग उजेड त्या झाकणाचाच म्हणा ना!”

तसं नाही. पॉलिमरमुळे प्रकाशाची तरंगलांबी थोडी वाढते, एवढाच त्याचा ठसा. दोन खांबांमध्ये हवेत ताणलेली उघडी नळीही उजळतेच. वेष्टण असो वा नसो, नळी सुटी हवी. आपण आवरणाला फार बोल लावला, संगाकडे कमी पाहिलं, असं मला वाटतं. बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य तर पुरुषाला असंगच म्हणतो.

विज्ञानाने वेदान्त सिद्ध केला म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मात्र मी बसणार नाही. नळीवर आधी बाहेरून प्रकाश टाकावा लागतो. आत्मा स्वयंप्रकाश मानलेला.

“मंग तुमचा दृष्टान्त इथंच संपला,” अप्पा म्हणाले.

दृष्टान्त संपला, हे मान्य. पण मुळात जो असंग आणि स्वयंप्रकाश, त्याला संग लागला कधी आणि कुणाचा, हे मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, उद्या महाराजांना विचारतो.