विचारून की सांगून?

लहान मूल 'जाऊ का?' असे विचारते. मोठे झालेले मूल 'येते हं' एवढेच सांगते. हा बदल नेमका कधी झाला, ते आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. कायद्याने अठराव्या वर्षी मूल सज्ञान होते, घरात मात्र तशी तारीख नसते. माझी मुलगी वीस वर्षांची आहे. पनवेलहून रोज हार्बरच्या गाडीने कॉलेजला जाते. हल्ली ती सांगून जाते, विचारून नाही. तिने मला विचारायला हवे का?

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. १८९५ साली विनोबा भावे तेथे जन्मले. पुढे हे कुटुंब बडोद्याला गेले. मार्च १९१६ मध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, पण सुरतेला उतरून त्यांनी काशीची वाट धरली. वय वीस! त्याआधी आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईदेखत जाळली होती. वडिलांना मात्र त्यांनी पत्र पाठवले: परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, पण माझ्या हातून गैर काही होणार नाही, असा भरवसा ठेवा. परवानगी मागितली नाही, पण खोटेही सांगितले नाही. १९१८ मध्ये आईच्या शेवटच्या आजारात ते तिच्याजवळ होते.

आता, सगळीच मुले विनोबा होत नाहीत. मध्येच उतरणारी काही भलतीकडेही जातात. पण पत्र हाती आले तेव्हा त्या वडिलांना तरी पुढचे काय ठाऊक होते?

संत लूकच्या शुभवर्तमानातील येशू तर अवघा बारा वर्षांचा. त्याने विचारले नाही आणि सांगितलेही नाही. वल्हांडणानंतर आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले, मग शोधत येरुशलेमला परतले. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. पवित्र मरिया तेव्हा गप्प राहिली नाही. असे का वागलास, हे तिने सर्वांसमक्ष विचारले. मिळालेले उत्तर दोघांनाही समजले नाही. तरी तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला.

मला वाटते, मूल सज्ञान झाले की परवानगीचा हक्क संपतो, 'का?' असे विचारण्याचा संपत नाही. उत्तर आपल्याला पटलेच पाहिजे, हा हट्ट मात्र सोडावा लागतो. आणि खरे सांगितल्यावर घरात रोज आरडाओरडा होत असेल, तर मुले एक दिवस सांगणेही बंद करतात. दुबईची नोकरी, परजातीतले लग्न, सोडलेले शिक्षण या गोष्टी मग शेजाऱ्यांकडून कळतात.

जपमाळेत आपण या घटनेला आनंदाचे पाचवे रहस्य म्हणतो. त्या तीन दिवसांत त्या माउलीला कसला आनंद झाला असेल, ते मला अजून उमगलेले नाही. तरी दर सोमवारी मी ते म्हणते.